बाटली तुमची, पण आकार कोणाचा?

समजा, वरळीतल्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटासा गाळा घेऊन तुम्ही पाण्याच्या बाटल्या बनवायला घेतल्यात. मान जरा तिरकी, खाली कमळासारखा फुगीर तळ, बाजारात अशी दुसरी बाटली नाही. पहिला नमुना हातात आला आणि तुम्ही लगेच रील टाकलं. व्ह्यूज धडाधड वाढले. पण त्या रीलसोबतच आकारावरचा सगळ्यात स्वस्त हक्क तुमच्या हातून गेला.

कारण सोपं आहे. वस्तू दिसते कशी, हे जपण्यासाठी आपल्याकडे डिझाइन्स ॲक्ट, 2000 आहे. त्याची पहिली अट म्हणजे डिझाइन नवीन हवं, अर्ज करण्याआधी जगात कुठेही जाहीर झालेलं नको. रील म्हणजे जाहीर करणंच. ते तुम्ही स्वतः केलंत म्हणून सूट मिळत नाही. तेव्हा आधी अर्ज, मग रील. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला अर्जाची सरकारी फी आहे 1,000 रुपये. एवढ्यासाठी थांबायला काय हरकत आहे?

डिझाइनचा हक्क मात्र कायमचा नसतो. आधी 10 वर्षं, मग वाढवून आणखी 5. पंधरा वर्षं संपली की तो आकार सगळ्यांचा. ट्रेडमार्कचं तसं नाही. त्याचं दर 10 वर्षांनी नूतनीकरण करत राहा, तो शंभर वर्षंही टिकतो. आणि ट्रेडमार्क म्हणजे फक्त नाव आणि लोगो नव्हे. ट्रेडमार्क्स ॲक्ट, 1999 च्या व्याख्येत वस्तूचा आकार, तिचं पॅकेजिंग आणि रंगसंगतीसुद्धा येते. साहजिकच कंपन्यांचा डोळा या दुसऱ्या हक्कावर असतो.

2025 मध्ये गाजलेला क्रॉक्सचा वाद याच फटीतून आला. भोकाभोकांची ती चप्पल तुमच्या घरातही असेल, खरी किंवा 'तशीच'. क्रॉक्सने बाटा, लिबर्टी, रिलॅक्सो वगैरे कंपन्यांवर 'पासिंग ऑफ'चे दावे लावले होते. पासिंग ऑफ म्हणजे आपला माल दुसऱ्याचा आहे असं भासवून त्याच्या नावलौकिकावर विकणं. 2019 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एकल न्यायाधीशांनी हे दावे सुरुवातीलाच फेटाळले. जो आकार डिझाइन म्हणून नोंदवलाय, त्यावरच पुन्हा पासिंग ऑफ कसं मागता, असा मुद्दा होता. 1 जुलै 2025 ला त्याच कोर्टाच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि दावे चालू शकतात असं सांगितलं. लक्षात घ्या, क्रॉक्स जिंकली असं खंडपीठाने म्हटलेलं नाही. दरवाजा उघडला, एवढंच. मला हा निर्णय पटतो, पण त्यात धोकाही दिसतो. पंधरा वर्षांनी जो आकार सगळ्यांचा व्हायला हवा, तो मोठी कंपनी पासिंग ऑफच्या आधारे पुढेही अडवून धरू शकते. तुमच्यासारख्या छोट्या गाळेवाल्याला उद्या नोटीस येऊ शकते ती इथूनच.

आपल्या मुंबईत हा प्रश्न त्याआधीच येऊन गेलाय, तोही बाटलीवरूनच. 2011 साली गोर्बाचोव व्होडका ही जर्मन कंपनी जॉन डिस्टिलरीजविरुद्ध मुंबई हायकोर्टात आली. त्यांची बाटली रशियन चर्चच्या कांद्यासारख्या घुमटावर बेतलेली, आणि जॉन डिस्टिलरीजच्या 'सॅल्यूट' व्होडकाची बाटली जवळपास तशीच. नावं वेगळी, लेबलं वेगळी. शिवाय जॉन डिस्टिलरीजकडे त्या बाटलीची डिझाइन नोंदणीसुद्धा होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड (पुढे सरन्यायाधीश झाले तेच) यांनी तरीही मनाई हुकूम दिला. नोंदणीचा कागद खिशात असला म्हणून दुसऱ्याच्या ओळखीवर माल खपवायची परवानगी मिळत नाही, असा त्याचा अर्थ. 2017 मध्ये याच कोर्टात सेलोची 'प्युरो' पाण्याची बाटली आणि मॉडवेअरची 'कुडोझ' समोरासमोर आल्या, तेव्हाही मनाई हुकूम सेलोच्या बाजूने गेला.

पण सगळेच आकार ट्रेडमार्क होत नाहीत. कायद्याच्या कलम 9(3) मध्ये तीन आकार बाहेर ठेवलेत. वस्तूच्या स्वभावातूनच येणारा, तांत्रिक कामासाठी लागणारा, आणि ज्या आकारामुळेच वस्तूला खरी किंमत येते तो. तुमच्या बाटलीला नीट पकडता यावी म्हणून खाच ठेवली असेल, तर ती खाच तुमची मक्तेदारी होणार नाही. युरोपात लेगोच्या ठोकळ्याचं हेच झालं. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठोकळ्याचा आकार तो जोडला जावा म्हणून तसा आहे, त्यावर ट्रेडमार्क नाही.

मग कोल्हापुरीचं काय? जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाचे मॉडेल तशाच चपला घालून चालले तेव्हा सगळ्यांनी हेच विचारलं. 2019 पासून कोल्हापुरीला जीआय आहे, मग प्राडाला रोखता का आलं नाही? ट्रेडमार्क एकाच उत्पादकाकडे बोट दाखवतो. कोल्हापुरी शेकडो कारागिरांची, तिचा एक मालक दाखवणार कुठून? आणि जीआयची खरी ताकद नावात आहे. प्राडाने रॅम्पवर कोल्हापुरी हा शब्दच वापरला नव्हता. हायकोर्टात जनहित याचिका गेली, पण याचिकाकर्ते जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते, म्हणून जुलैमध्ये ती फेटाळली गेली. शेवटी प्राडाला कोल्हापुरीचं श्रेय मान्य करावं लागलं, पण ते कोर्टापेक्षा सोशल मीडियावरच्या ओरड्यामुळे.

तुमच्या बाटलीकडे परत येऊ. आकाराचा ट्रेडमार्क ऑनलाइन मागायचा तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुंबईतलं ऑफिस अँटॉप हिलला आहे, वरळीपासून फार लांब नाही, पण जायची गरज पडत नाही. वस्तूच्या आकाराचे किमान पाच वेगवेगळ्या बाजूंचे फोटो आणि शब्दांत वर्णन द्यावं लागतं. त्याहून अवघड काम पुढचं. लेबल काढलं तरी गिऱ्हाईक ही बाटली तुमचीच म्हणून ओळखतं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून बिलं जपा, जाहिरातींचे खर्च जपा, आणि जाहिरात करताना कॅमेरा नावाइतकाच त्या फुगीर तळावरही ठेवा. अर्ज झाल्यावर, अर्थात.