«गावाकडे काय खर्च असतो!»

मंडळाच्या गणपतीत, मोदकाची ताटली हातात घेऊन कुणी ना कुणी हे वाक्य टाकतंच. मी सटाण्याचा. सिंगापुरात आल्यावर मीही ते टाकलेलं आहे, म्हणून त्यातली खोट सांगायचा हक्क मला आहे.

२०२३ च्या घरखर्च पाहणीत इथल्या कुटुंबाचा सरासरी मासिक खर्च ५,९३१ सिंगापूर डॉलर निघाला, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वर. भारताच्या २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागाचा आकडा ४,१२२ रुपये. पण पहिला अख्ख्या घराचा, दुसरा माणशी. चार माणसांचे साडेसोळा हजार धरले तरी दरी उरतेच, ती मी नाकारत नाही. माझं भांडण 'खर्च' या शब्दाशी आहे.

आमच्या बागलाण तालुक्यात धाकट्या भावाच्या वहीत किराणा आणि डाळिंबाची फवारणी एकाच पानावर असते. खिसाही एकच. पाहणीत मात्र औषधं, मजुरी, कांदा साठवायची चाळ हा शेतीचा खर्च म्हणून बाहेर, आणि विकत न घेतलेली घरची बाजरी शेतावरच्या भावाने आत. डाळिंबावर तेल्या रोग आला की फवारण्या वाढतात, पोरांचे कपडे लांबणीवर पडतात, आणि कागदावर घर 'कमी खर्चिक' ठरतं! डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी येऊन कांदा पडला, तेव्हाही भावाचा घरखर्च असाच 'सुधारला'.

इथली पाहणीसुद्धा घराच्या कर्जाची परतफेड खर्चात धरत नाही. फरक इतकाच की आमचा न मोजलेला पैसा भिंतींत मुरतो, भावाचा एका अवकाळीत धुऊन जातो. शिवाय २०२३-२४ च्या त्या पाहणीत ग्रामीण भारतात खर्चाचा ४७ टक्के वाटा खाण्यावर गेला. इथे साधारण पाव हिस्सा, त्यातलाही निम्म्याहून जास्त बाहेर खाण्यावर. डाळ महागली तर आपण कपाळाला आठी घालतो. तिकडे दुसरं काहीतरी रद्द होतं.

भावाला मध्यंतरी महिन्याचा खर्च विचारला.

"कोणत्या महिन्याचा, दादा? फवारणीच्या का लिलावाच्या?"

मी माझा आकडा सांगून रुपयांत करायला लागलो.

"ते राहू दे. तिकडे कांदा काय किलो चालू आहे?"