जपानची स्टेल्थ शिकवणी

२२ एप्रिल २०१६ रोजी जपानमधील नागोया विमानतळावरून लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांतले एक छोटेखानी जेट विमान झेपावले आणि गिफूच्या हवाई तळावर उतरले. ‘एक्स-२’ नावाच्या या स्टेल्थ विमानात ना तोफ होती, ना क्षेपणास्त्रे. तरीही सुमारे ३९ अब्ज येन खर्चून जपानने ते बनविले, याचे कारण जुन्या अनुभवात आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानला स्वदेशी लढाऊ विमान हवे होते. अमेरिकेच्या दबावाखाली त्याला ‘एफ-१६’वर आधारलेल्या ‘एफ-२’वर समाधान मानावे लागले. वर उड्डाण-नियंत्रणाची संगणकीय संहिता अमेरिकेने दिलीच नाही. ती जपानी अभियंत्यांना स्वतः लिहावी लागली. पुढे ‘एफ-२२’ची मागणी झाली, तर १९९८ पासून अमेरिकी काँग्रेसने त्याच्या निर्यातीवर बंदीच घातलेली होती. मैत्री आणि तंत्रज्ञान यांचे हिशेब वेगळे असतात, हे टोकियोला एव्हाना उमगले होते.

मित्सुबिशीच्या या विमानाची घडण त्यातून सुरू झाली. त्याची पूर्णाकृती प्रतिकृती २००५ मध्ये रडार चाचणीसाठी फ्रान्समध्ये न्यावी लागली. पंख व शेपटीच्या कडा ठरावीक दिशांना समांतर ठेवल्या, म्हणजे परतणाऱ्या रडारलहरी मोजक्याच दिशांना जातात. हवेचा मार्ग नागमोडी केला, म्हणजे इंजिनाची चकाकणारी पाती समोरून दिसत नाहीत. आयएचआय कंपनीची प्रत्येकी सुमारे ५ टन रेट्याची दोन इंजिने बसवली. झोत वळविण्यासाठी प्रत्येक इंजिनामागे तीन फळ्यांसारखे पडदे जोडले गेले. वजन वाढविणारी आणि मागच्या बाजूने स्टेल्थवर पाणी फेरणारी ही योजना लढाऊ विमानात खपली नसती. उडत्या प्रयोगशाळेत मात्र ती चालून गेली.

दरम्यान २०११ मध्ये जपानने ४२ ‘एफ-३५’ घेण्याचे ठरविलेच. परंतु इंजिनाचे काम थांबले नाही. २०१८ मध्ये १५ टन रेट्याचे ‘एक्सएफ९’ तयार झाले. डिसेंबर २०२२ मध्ये जपान, ब्रिटन व इटली यांनी संयुक्त लढाऊ विमानाची योजना जाहीर केली, तेव्हा जपान रिकाम्या हाताने गेला नव्हता. हे विमान २०३५ पर्यंत आणण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्यात आपल्या मर्जीने फेरबदल करण्याची मुभा हा जपानचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे.