गाल लाल, ट्यूबची कमाल?

मे महिना म्हणजे विदर्भात दोनच गोष्टींचा सीझन. लग्नं आणि ऊन! पुण्या-मुंबईत नोकरी करणारी भंडारा जिल्ह्यातली मंडळी याच महिन्यात सुट्टी टाकून घरी पोहोचतात. कुणी वरठीला भंडारा रोड स्टेशनवर उतरतं, कुणी नागपूरहून साठेक किलोमीटरचा रस्ता पकडतं. पुढे तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर, जिथे मांडव पडला असेल तिथे. पारा 45 च्या पुढे, नवतपा डोक्यावर आणि त्यातच हळद, लग्न, रिसेप्शन. प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे कपडे आणि वेगळे फोटो. आरशात पाहावं तर गाल लालबुंद आणि डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा! मग घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "अगं, चौकातल्या मेडिकलमधून ती ट्यूब आण ना. दोन दिवसांत चेहरा एकदम साफ!"

गंमत म्हणजे दोन दिवसांत चेहरा खरंच साफ होतो. खरा घोळ तिथेच सुरू होतो. (आणि बॉईज, पान उलटू नका. दाढीनंतर हीच ट्यूब चोपडणारे तुमच्यातही बरेच आहेत.)

ट्यूबमध्ये असतं तरी काय?

बऱ्याचदा स्टिरॉइड. स्टिरॉइड त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे लाली उतरते. सूज आणि खाज थांबते, रंगही जरा उजळ दिसतो. एक्झिमासारख्या आजारात, योग्य जागी, मोजके दिवस वापरलं तर हे उत्तम औषध आहे. पण चेहऱ्याची त्वचा पातळ, त्यामुळे औषध आत जातंही जास्त. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा आणखी पातळ होते, लाल रेषांचं जाळं दिसू लागतं, पिंपल्स येतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली तर दबलेली लाली दुप्पट जोमाने परत येते. आग आग होते. मग काय, पुन्हा तीच ट्यूब!

या चक्राला डॉक्टरांनी नावच दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. हे नाव 2008 मध्ये भारतीय डॉक्टरांनीच सुचवलं. 2011 मध्ये देशभरातल्या 12 केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 जणांपैकी 433 जण, म्हणजे जवळपास 15 टक्के, स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या 29 टक्के लोकांनी ते चक्क फेअरनेस क्रीम, रोजचं क्रीम किंवा आफ्टरशेव्ह म्हणून वापरलं होतं. आणि सल्ला कुणाचा? 59 टक्के लोकांच्या बाबतीत डॉक्टरचा नव्हताच. शेजारीण, मैत्रीण, काउंटरवरचा भाऊ, असाच सगळा मामला.

वांगावरच्या क्रीमचीही हीच कथा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं त्रिकूट त्यात असतं. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1975 मध्ये या त्रिकुटाचा फॉर्म्युला मांडला. तो वांगासाठी आणि ठरावीक आठवड्यांपुरता. आपल्याकडे तो 'गोरं करणारी ट्यूब' म्हणून वर्षानुवर्षं लावला जातो. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइड्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बरं का!

बिननावाच्या, लेबल नसलेल्या क्रीमचा किस्सा तर याहून भयंकर. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना 2022 मध्ये किडनीचा त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएममध्ये शोधाशोध झाली तेव्हा बोट गेलं ते तिघी लावत असलेल्या क्रीमकडे. त्यात पारा निघाला! भारतीय नियमांनुसार अशा क्रीममध्ये चुकून राहिलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे गोरेपणाची किंमत थेट किडनीने मोजायची?

लाली येते कुठून?

ऊन, चुलीची धग, सावजी रस्सा, कडक चहा, दारू, राग, लाज. यातल्या कशानेही रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा तापतो. अर्ध्या तासात उतरला तर ठीक. पण लाली मुक्कामालाच आली, नाक-गालांवर बारीक पुळ्या उठल्या, साधा फेसवॉशही झोंबायला लागला, तर तो रोझेशिया असू शकतो. हा गोऱ्या लोकांचा आजार, असं बरीच वर्षं मानलं गेलं. आपल्या सावळ्या रंगात लाली चटकन दिसत नाही, इतकंच. चेहरा गरम वाटतो, चुरचुरतो, आणि आपण त्याला 'उन्हाळा लागला' म्हणून सोडून देतो.

रोझेशियावर लावायची औषधं आहेत. पुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल, अझेलिक अ‍ॅसिड, आयव्हरमेक्टिन. लालीसाठी ब्रिमोनिडिन जेल, ज्याला अमेरिकेत 2013 मध्ये मान्यता मिळाली. हे जेल अर्ध्या तासात लाली उतरवतं आणि परिणाम साधारण 12 तास टिकतो. पण काहींना असर उतरल्यावर लाली आधीपेक्षा जास्त येते. म्हणून इथेही सेल्फ-सर्व्हिस नको.

आणि एक महत्त्वाचं. गालांवर आणि नाकाच्या पुलावर फुलपाखराच्या आकाराचा चट्टा, उन्हात तो वाढणं, जोडीला सांधेदुखी, थकवा, ताप, अशी लक्षणं असतील तर ट्यूब राहू द्या आणि डॉक्टरकडे जा. तो ल्युपस असू शकतो. त्यावर स्टिरॉइडची ट्यूब चोळली तर चट्टा झाकला जाईल, आजार मात्र आत चालूच राहील.

आणि सुरकुत्या?

रोवणीच्या दिवसांत बांध्यांत वाकलेली, चाळिशीतच साठीची दिसणारी काकू आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या चेहऱ्यावर नुसतं वय नाही, उन्हाचा हिशेब आहे. ऊन, त्यातही अतिनील 'ए' किरणं, त्वचेतलं कोलॅजन तोडतात. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, दुसरी बाजू कितीतरी तरुण! तेव्हा खिडकीजवळ डेस्क असलेल्यांनो, एसी आहे म्हणून निवांत राहू नका.

सुरकुत्यांवर सर्वात जास्त पुरावा असलेलं लावायचं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. रात्री, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. लग्न पुढच्या आठवड्यात असेल तर उपयोग शून्य. प्रेग्नंट असाल किंवा प्लॅनिंग सुरू असेल तर हात लावू नका. आणि ट्रेटिनॉइनने त्वचा सोलते, लाल होते. म्हणजे आधीच तापलेल्या चेहऱ्यावर लावलं तर आगीत तेल. आधी लाली शांत करायची, सुरकुत्यांचं मग बघायचं. हा क्रम उलटला की पैसेही गेले आणि चेहराही.

सनस्क्रीनला मात्र वेटिंग नाही. ऑस्ट्रेलियात 900 हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी दिसलं. एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा फायदा!

मग करायचं काय?

• ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड. दाद-खाजेच्या मलमांतही ते लपलेलं असतं.

• महिनोन्‌महिने लावत असाल तर एका झटक्यात फेकू नका, लपवूही नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कसं उतरवायचं ते तेच ठरवतील. आठवडे लागतील, कधी महिनेही, पण बहुतेकांना बराच फरक पडतो.

• खासगी फी जड जात असेल तर नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्समध्ये त्वचारोग विभाग आहेत. भंडाऱ्याहून दिवसात जाऊन येता येतं.

• सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

• स्कूटीवर तोंडाला दुपट्टा बांधायची आपल्या वैदर्भीय मुलींची स्टाईल बेस्ट! कापड सुती आणि घट्ट विणीचं हवं, आणि रोज धुतलेलं.

• लाली असेल तर स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट हे सगळं किचन-बाथरूममध्येच राहू द्या. सौम्य क्लीन्झर, साधं मॉइश्चरायझर, बस्स.

ही ट्यूब अनेक घरांत फक्त आपली नसते. आई लावते, बहीण लावते, होस्टेलमधली रूममेट उसनी नेते. अकोल्याच्या त्या घरातही एकच क्रीम तिघींच्या हाती फिरलं होतं. म्हणून पुढच्या वेळी काउंटरवर उभे असाल तेव्हा भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा. "भाऊ, यात स्टिरॉइड आहे का?" उत्तर देताना भाऊ जरा अडखळला, तर ट्यूब तिथेच ठेवा आणि चालू लागा. वाचलेल्या पैशांत सनस्क्रीन घ्या. दोन घ्या, एक आईसाठी!