लेकराच्या मेंदूची राखण

माहूरला रेणुकामातेच्या गडावर पानं कुटल्याचा आवाज दिवसभर चालू असतो. खलबत्त्यात विड्याचं पान, कात, सुपारी, बडीशेप कुटून तांबूल होतो, तोच देवीचा प्रसाद. गेल्या आठवड्यात तांबूल कुटणाऱ्या एका मावशींजवळ जरा टेकले. शेजारी त्यांची सून पानांचे देठ खुडत बसलेली, सातव्या महिन्यातली. मी आरोग्यावर लिहिते हे कळल्यावर तिनं मोबाइल पुढं केला. "ताई, गांजातल्या औषधानं पोटातल्या लेकराच्या मेंदूची राखण होते म्हणं. खरं हाय का?"

बातमीत तथ्य आहे, पण ते प्रयोगशाळेतलं. गरोदरपणी आईला जंतुसंसर्ग झाला की तिच्या अंगात दाह सुरू होतो. इंटरल्यूकिन-६ सारखे रासायनिक निरोप रक्तात फिरू लागतात, वारेवर परिणाम करतात आणि बाळाच्या घडत्या मेंदूला त्याची झळ बसते. ही झळ भांगेच्या झाडातल्या सीबीडीनं कमी होईल का, हे प्राण्यांवर तपासलं जातंय. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गरोदर उंदरांत असा दाह निर्माण केला आणि त्यांच्या नर पिल्लांना सीबीडी दिलं. पिल्लांची स्मरणशक्ती सुधारली, ती एकमेकांत मिसळू लागली. पण औषध दिलं ते पिल्लं मोठी झाल्यावर, आईला नव्हे. मोबाइलपर्यंत येता येता नेमकं हेच गळून पडतं.

गरोदर बाईनं गांजा किंवा भांग घ्यायची तर उलटा धोका आहे. आपलं शरीर स्वतःच गांज्याशी मिळतंजुळतं एक द्रव्य बनवतं. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना ते मेंदूत सापडलं आणि संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. गर्भात मेंदूच्या पेशींनी कुठं जायचं, कुणाशी जोडून घ्यायचं, यात याच द्रव्याच्या यंत्रणेचा हात असतो. इतक्या नाजूक कामात बाहेरून गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, घुसलं तर घडी विस्कटायची भीती असते. हे टीएचसी वार ओलांडून बाळापर्यंत जातं, पुढं अंगावरच्या दुधातही उतरतं. बाळ कमी वजनाचं होण्याशीही त्याचा संबंध दिसलाय. अमेरिकेत ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून काही गरोदर बायका गांजा ओढतात. तिथल्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना टीएचसी आणि सीबीडी दोन्हींपासून दूर राहायला बजावलं. आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा भांगेच्या झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हणतो आणि नुसतं पान वेगळं काढतो. पोटातल्या बाळाला हा भेद कळत नाही; टीएचसी पानातही असतंच.

मेंदूची राखण करणारं औषध आजही आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. दिवस भरण्याआधीच बाळंतपणाची चिन्हं दिसली तर आईला शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्यानं बाळाला सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका कमी होतो. ते वेळेत मिळायचं तर बाई वेळेत दवाखान्यात पोचायला हवी. माहूरहून नांदेड शंभर किलोमीटरच्याही पुढं आहे.

मी हे सांगत होते, सून मान हलवत होती. मधेच तिच्या हाताला माझा हात लागला. कोमट नव्हे, चांगलाच तापलेला. विचारलं तर आधी काही बोलेना. मग सासूकडं पाठ करून हळूच म्हणाली, "तीन दिवसं झालं ताप येऊलाला. लघवीला आग होऊलाली. कुणाला सांगावं?"

ज्या दाहाची बातमी ती मला दाखवत होती, तो तिच्याच अंगात होता. गरोदरपणात लघवीचा संसर्ग वारंवार होतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर ताप येतो, अवेळी कळाही सुरू होऊ शकतात. बाळाला सांभाळणारी गोळ्या-औषधं त्यावर आहेत, आणि ती साधी आहेत. आड येते ती लाज. किती जणी ही आग दातओठ खाऊन सोसतात, आणि घरचे म्हणतात, दिवस राहिले की अंग कढत असतंच! हे मला सोसवत नाही. आयाबहिणींनो, गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी तपासणी, उद्यावर नको.

मावशींनी बत्ता खाली ठेवला, हात पदराला पुसले. आम्ही तिघी गड उतरून दवाखान्यात गेलो. लघवीत पू-पेशी भरपूर निघाल्या. डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केलं आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी फुकट होते, हे मी सांगितलं, तेव्हा मावशींनी सुनेकडून ती तारीख आपल्या फोनात टाकून घेतली. परतताना सून मागं राहिली, तर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मला सांगायचं व्हतं की गं."