घर आणि यंत्रें : दोन लाईनी व त्यांचा कारभारी

मोठ्या कुटुंबांस इंटरनेटची एकच लाईन आतां पुरेनाशी झाली आहे. थोरल्या चिरंजीवांची कचेरी घरींच भरते, सूनबाई परगांवच्या विद्यार्थ्यांना पडद्यावरून शिकवितात, नातवंडांच्या शिकवण्या त्याच वेळीं असतात, आणि आजोबांस परदेशांतील लेकीशीं समोरासमोर बोलावयाचें असतें. अशा घरीं दुसऱ्या कंपनीची लाईन येणें ओघानेंच आलें. परंतु वरच्या मजल्यावर एक वायफाय व खालच्या मजल्यावर दुसरें, एवढ्या वांटणीनें काम भागत नाहीं. एकीकडे दाटी होते, दुसरीकडे ओस पडतें; आणि एक लाईन बंद पडली कीं तिच्यावरील मंडळी स्वस्थ बसून राहतात. दोन्ही लाईनी एके ठिकाणीं आणून त्यांवर घरचीं कामें वांटून देणारें जें यंत्र, त्यास लोड बॅलन्सर म्हणतात. या वेळीं त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शंभर मेगाबिटांच्या दोन लाईनी या यंत्रास जोडल्या कीं दोनशें मेगाबिटांची एक लाईन झाली, असें पुष्कळांस वाटतें. तसें होत नाहीं. हें यंत्र एकच प्रवाह चिरून अर्धा इकडे व अर्धा तिकडे सोडीत नाहीं. तें प्रत्येक जोडणी सबंध उचलून कोणत्या तरी एका लाईनीवर ठेवतें. कारण प्रत्येक लाईनीचा बाहेरील पत्ता निराळा असतो. एकाच पत्राचीं पानें दोन निरनिराळ्या पत्त्यांवरून आलीं, तर पलीकडचा संगणक तीं एकाच माणसाचीं म्हणून स्वीकारीत नाहीं. म्हणून एकच मोठी फाईल उतरवून घेतांना वेग एकाच लाईनीचा मिळतो. मात्र त्याच वेळीं घरांतील आठ माणसें आपापल्या कामांत असतील, तर तीं कामें दोन्ही वाटांनीं विभागून जातात. एकट्यास लाभ थोडा आणि कुटुंबास मोठा, असें हें यंत्र आहे.

लाईनी निवडतांना वेगाआधीं त्यांची वाट पाहावी. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरांतून येत असतील, तर पडलेली एक फांदी अथवा रस्ता खोदणाऱ्याची एक कुदळ दोहोंचा निकाल एकदम लावते. ही गोष्ट केवळ गल्लींतली नव्हे. ३० जानेवारी २००८ रोजीं भूमध्य समुद्रांत अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ व फ्लॅग या दोन निरनिराळ्या केबली निकामी झाल्या, आणि भारताची पश्चिमेकडे जाणारी बरीच वाहतूक खोळंबली. केबली दोन होत्या, पण इजिप्तजवळ दोहोंची वाट जवळजवळ एकच होती. यावरून घरापुरता बोध इतकाच कीं, एक लाईन फायबरची असल्यास दुसरी शक्य तों फोर-जी वा फाईव्ह-जीची, म्हणजे त्या खांबाशीं संबंध नसलेली, घ्यावी. विजेचेंही तसेंच आहे. दोन्ही मोडेम, हें यंत्र व वायफायचा राउटर हीं सर्व इन्व्हर्टरवर अथवा लहान यूपीएसवर नसतील, तर वीज जातांच दोन लाईनी असून नसल्यासारख्या होतात.

यंत्रें अनेक मिळतात. टीपी-लिंकचें ईआर६०५ किंवा मायक्रोटिकचा राउटर घरास पुरे होतो; ज्यांस हौस आहे ते जुन्या संगणकावर पीएफसेन्स बसवितात. मांडणीचीं तत्त्वें सर्वत्र तींच आहेत.

पहिली गोष्ट अंतर्गत पत्त्यांची. कंपन्यांकडून आलेल्या दोन्ही मोडेमांचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असणें संभवतें. तसें असल्यास यंत्राचा गोंधळ उडतो. एकाचा बदलून १९२.१६८.२.१ करावा आणि घरच्या जाळ्यास तिसराच, जसें १९२.१६८.१०.१, द्यावा. दुसरी गोष्ट, दोन्ही मोडेमांचें स्वतःचें वायफाय बंद करावें. एरवीं घरांतले फोन संवयीनें जुन्याच वायफायला चिकटतात आणि यंत्राला वळसा घालून जातात. तिसरी गोष्ट वांटणीच्या प्रमाणाची. एक लाईन दोनशें मेगाबिटांची व दुसरी शंभराची असेल तर प्रमाण दोनास एक ठेवावें. पण हे आंकडे जाहिरातींतले न घेतां सायंकाळीं गर्दीच्या वेळीं स्वतः तार जोडून मोजलेले घ्यावे. चौथी गोष्ट, नांवावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर एखाद्या कंपनीचा ठेवूं नये; तो बहुधा स्वतःच्याच गिऱ्हाइकांस उत्तर देतो. सार्वजनिक सर्व्हर ठेवावा.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: लाईन जिवंत आहे कीं नाहीं, हें यंत्रानें ओळखावें कसें? मोडेमचा दिवा लागलेला असतो, पण पुढें रस्त्यावर तार तुटलेली असते. यंत्र केवळ मोडेमला हांक मारून समाधान मानीत असेल, तर तें मेलेल्या लाईनीवर कामें पाठवीतच राहील. म्हणून त्यास दूरच्या पत्त्यांस, जसें ८.८.८.८ व १.१.१.१ यांस, दर कांहीं सेकंदांनीं हांक मारावयास सांगावें. आणि दोघांकडूनही लागोपाठ तीन-चार वेळां उत्तर आलें नाहीं, तरच लाईन बंद समजावी. एका चुकलेल्या उत्तरावर निर्णय घेतल्यास यंत्र क्षणांत इकडे व क्षणांत तिकडे धांवूं लागतें. लाईन बदलतांना चालूं असलेलें संभाषण बहुधा तुटतें व पुन्हां जोडावें लागतें, हेंही घरच्यांस आधीं सांगून ठेवावें. याशिवाय कित्येक बँकांचीं संकेतस्थळें मध्येंच पत्ता बदललेला दिसतांच माणसास बाहेर काढतात. याकरितां एका संगणकाचें एका स्थळाशीं चाललेलें काम एकाच लाईनीवर टिकावें, असा नियम यंत्रांत घालतां येतो. तो अवश्य घालावा.

आतां एक नाजूक गोष्ट. अमुक संगणकानें अमुक लाईनीनेंच जावें, असाही नियम या यंत्रांत लिहितां येतो, आणि तो बहुधा ज्याच्या हातीं परवलीचा शब्द, तोच लिहितो. मग चांगली लाईन मिळवत्या पुरुषाच्या खोलीला आणि उरलेली बाकीच्यांना, असें न बोलतां ठरून जातें. सूनबाईंच्या वर्गांत चित्र गोठतें, त्यांची नोकरी धोक्यांत येते, आणि घरांत कोणास त्याचें कारण ठाऊक नसतें. आमच्या मतें नियम माणसाच्या मानावरून न करतां कामाच्या स्वरूपावरून करावा. ज्या कामांत खंड पडल्यास भरून काढतां येत नाहीं, जसें परीक्षा, वर्ग, कचेरीची बैठक, डॉक्टरांचा सल्ला, त्यास आधीं चांगली लाईन. चित्रपट व खेळ थांबूं शकतात. हा नियम सर्वांच्या देखत ठरवावा आणि कागदावर लिहून यंत्राजवळ लावावा. परवलीचा शब्द निदान दोघांस ठाऊक असावा, व त्यांतली एक व्यक्ति दुपारीं घरीं असणारी असावी.

शेवटीं, या यंत्राचा एक दोष त्याच्या गुणांतूनच निघतो. एक लाईन मेली तरी घर चालूंच राहतें, म्हणून ती मेल्याचें कोणास कळत नाहीं. महिना जातो, बिल भरलें जातें, आणि दुसरी लाईन पडते त्या दिवशीं दोन्ही नाहींत असें उघडकीस येतें. याकरितां आठवड्यांतून एकदां यंत्राचें स्थितिदर्शक पान पाहण्याचें काम कोणाकडे तरी सोंपवावें. महिन्यांतून एका रविवारीं एक लाईन मुद्दाम बंद करून पाहावी. पण मोडेम व यंत्र यांमधली तार न काढतां बाहेरून मोडेमांत येणारी काढावी. मधली तार काढल्यास यंत्रास तें लगेच दिसतें, आणि खरी परीक्षा होत नाहीं. फायबर काढतांना ती दुमडूं नये व तिच्या टोकांत डोळा लावून पाहूं नये. दहा मिनिटांनीं ती जोडून दुसरीची तशीच परीक्षा घ्यावी. ज्या घरीं हा नेम पाळला जातो, त्याच घरीं दोन लाईनी आहेत असें म्हणतां येईल.