पिल्लू घरी आले, आता खायला काय?

मुलांनी रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणले की बाई आधी बशीभर दूध पुढे ठेवते. त्यानेच बऱ्याचदा त्याला जुलाब लागतात. आमचे सांगणे, मऊ भातात उकडलेले अंडे कुस्करा, मीठ-तिखट नको. थोडे थोडे, दिवसातून 4 वेळा. कांदा, चॉकलेट, शिजवलेली हाडे मुळीच नकोत.

खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर लगेच बाहेर न्या. तिथे केले की पाठ थोपटा. घरात केले म्हणून नाक घासणे हा निव्वळ अडाणीपणा. ते फक्त लपून करायला शिकते. 6 ते 8 आठवड्यांचे झाले की पार्व्होची लस, 3 महिन्यांनंतर रेबीजची. खेळताना दात लागून रक्त आले तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा, दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.