९५ सेंटिमीटरवरून शहर



तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारणपणे ९५ सेंटिमीटर असते. या उंचीवरून आपले शहर कसे दिसत असेल? पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकींची चाके, उघड्या गटाराची कड आणि थेट नाकाशी येणारा मोटारींचा धूर. मोठ्यांच्या नजरेतून हे निसटते, म्हणून नियोजनातूनही निसटते.

मुलांसाठी काही करायचे म्हटले, की आपल्याकडे कुंपण, रंगीत घसरगुंडी आणि नियमांचा फलक एवढ्यावर विषय संपतो. परंतु तेथे पोहोचण्यासाठी वाहता रस्ता ओलांडावा लागत असेल, दुपारी घसरगुंडीचा पत्रा पोळत असेल आणि नातवंडाला घेऊन आलेल्या आजीला टेकायला सावलीत बाक नसेल, तर ती जागा मुलांची आहे असे म्हणता येणार नाही. लहान मूल एकटे येत नाही. सोबतच्या माणसाची सोय ही त्याच्या खेळाची पूर्वअट असते.

'आपल्याकडे जागा आणि पैसा कोठे आहे?' असा आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ॲमस्टरडॅममध्येही दोन्हींची टंचाई होती. तेथे १९४७ पासून आल्डो फान आइक या तरुण वास्तुविशारदाने महापालिकेसाठी मोकळ्या चौकांत आणि पडीक भूखंडांवर छोटी क्रीडांगणे आखली. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारण्यासाठी ठोकळे, झाडे आणि बाक एवढेच साहित्य. वस्तीपासून तोडणारे कुंपण बहुधा नसे. १९७८ पर्यंत अशी सातशेहून अधिक ठिकाणे झाली. नागरिक आपल्या गल्लीसाठी पत्राने मागणी करीत आणि पालिका तिची दखल घेई, हे विशेष.

आपल्याकडे अशी मागणी करण्यास कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी जागा आरक्षित करता येते. मात्र ठरावीक मुदतीत ती संपादित झाली नाही आणि मालकाने रीतसर नोटीस दिली, तर पुढे हे आरक्षण रद्द होऊ शकते. मुलांना मत नसते, त्यांना हरकतही नोंदवता येत नाही. त्यामुळे ही मुदत संपत असताना बोलणे हे मोठ्यांचेच काम आहे.

विकास आराखडा हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. तुमच्या प्रभागाच्या नकाशावर 'क्रीडांगण' असे लिहिलेली जागा शोधा. आज तेथे काय उभे आहे, हे लहान मुलाच्या चालीने तेथवर जाऊन पाहा.